पारायण म्हणजे ‘पुन्हा पुन्हा’ नव्हे

प्रश्न कोथरूडच्या एका वाचकाचा आहे. विल्यम गॅडिस या अमेरिकन कादंबरीकाराची ‘कार्पेंटर्स गॉथिक’ ते दुसऱ्यांदा वाचताहेत. घरच्यांनी टोमणा मारला, ‘‘पारायण चाललंय वाटतं!’’ कादंबरी इंग्रजी, त्यात उत्तर-आधुनिक, त्यात निम्मी डोक्यावरून जाणारी. अशा वाचनाला पारायण म्हणता येईल, की पुनर्वाचन म्हणावं? शिवाय या लेखकाच्या ज्या पुस्तकांकडे कुणी फिरकत नाही ती ‘दुर्लक्षित’ म्हणायची की ‘उपेक्षित’?

पुनर्वाचनाचा निकाल आधी लावतो. शब्द बरोबर आहे आणि बेचव आहे. विधेयकांची वाचनं होतात तिथे तो शोभेल. पुढे.

पारायण. पहिली गोष्ट, ते ‘पारायन’ नव्हे. सप्ताहाच्या फ्लेक्सवर हे रूप इतक्यांदा दिसतं की आता मंडपवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. ‘पार’मधल्या र-मुळे ‘अयन’च्या न-चा ण होतो, रामायण, उत्तरायण तसंच. (मग दक्षिणायनात न कसा, असं विचारणारे आहेतच. तिथे क्षि-मधला ष आणि शेवटचा न यांच्या मध्ये एक ण ठाण मांडून बसलाय, म्हणून.) पण शुद्धलेखन ही किरकोळ बाब. खरी चीड येते ती ‘या गाण्याची शंभर पारायणं केली’, ‘मालिकेच्या त्या एका भागाची पारायणं केली’ असल्या वाक्यांची. पारायण म्हणजे ‘पुन्हा पुन्हा’ असा समज घट्ट बसलाय. अजिबात नाही. पुन्हा पुन्हा म्हणायला मराठीत ‘आवर्तन’ हा नेमका शब्द आहे आणि पुण्यात तरी तो विसरायला जागा नाही. ऋषिपंचमीला दगडूशेठपुढे बायका पहाटे अथर्वशीर्षाची आवर्तनं करतात, पारायणं नाही. खडकवासल्याच्या कालव्याला पाणी सुटतं तेही उन्हाळी आवर्तन. फिरून येतं ते आवर्तन. पारायण फिरून येत नाही, ते पलीकडे जातं.

पार म्हणजे पलीकडचा काठ, अयन म्हणजे जाणं. अलीकडचा काठ तो ‘अवार’. आनंदाला पारावार उरला नाही म्हणतो तेव्हा हे दोन्ही काठ दिसेनासे झालेले असतात. ‘पार वाट लागली’, ‘पार दमलो’ यातला पार हाच: अगदी टोकापर्यंत. इंग्रजांची फेरीबोटसुद्धा याच मुळातून निघाली आहे. वडाच्या पारावर बसून पोथी वाचतात म्हणून पारायण, अशी एक व्युत्पत्ती सदाशिव पेठेत मला ऐकवण्यात आली. नागनाथ पार जवळच आहे हे मान्य. व्युत्पत्तीला तेवढा पुरावा पुरत नाही.

आता ज्यासाठी मी हे उत्तर लिहायला घेतलं ते. ‘पारणं’ आणि ‘पारायण’ ही भावंडं आहेत. एकादशीचा उपास द्वादशीला सोडतात ते पारणं. मूळ संस्कृत ‘पारण’, म्हणजे पार नेणं, तडीला नेणं. उपास तडीस गेला, आता जेवा. गंमत अशी की संस्कृतात याच ‘पारण’चा आणखी एक अर्थ आहे: ग्रंथ अथपासून इतिपर्यंत वाचणं. म्हणजे उपास संपवण्याला आणि पुस्तक संपवण्याला एकच शब्द! हा योगायोग आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी पाणिनी उघडावा. पाचव्या अध्यायातलं सूत्र आहे, ‘पारायणतुरायणचान्द्रायणं वर्तयति’. पारायण करणारा तो पारायणिक, चांद्रायण करणारा तो चांद्रायणिक. चांद्रायण म्हणजे चंद्राच्या कलेबरोबर रोज एकेक घास वाढवायचा आणि कमी करायचा, हे व्रत. ‘काशिका’ या पाणिनीच्या सूत्रांवरच्या टीकेत उदाहरणं आहेत: पारायणिक तो विद्यार्थी, चांद्रायणिक तो तपस्वी. वाचणारा आणि घास मोजणारा एका सूत्रात शेजारी बसवलेत. प्रत्यय सारखा लागतो म्हणून ते एकत्र आले, एवढंच कारण वैयाकरण देतील. देवोत. दोन्ही व्रतं आहेत, दोन्हींना ठरलेला शेवट आहे आणि मध्येच सोडलं तर दोन्ही वाया जातात, हे मला त्या सूत्रात स्पष्ट दिसतं. ‘डोळ्यांचं पारणं फिटलं’ हा वाक्प्रचार मग नुसत्या पंगतीचा राहत नाही. माझ्या मते त्यात वाचणाराही आहे.

याच ओढीने मी ‘पारमिता’ही, म्हणजे बौद्धांचा पूर्णत्वाला नेलेल्या गुणासाठीचा शब्द, इकडे ओढतो. बरेच आधुनिक पंडित तिची व्युत्पत्ती ‘परम’पासून लावतात. परंपरा सांगते ‘पारम् इता’, पार गेलेली. तिबेटी भाषांतरकारांनी ‘पलीकडे गेलेली’ असंच भाषांतर केलं, चिन्यांनीही पैलतीर गाठणं असंच केलं. प्रत्ययांचा हिशेब पंडितांच्या बाजूने असेल, पण ज्यांनी तो शब्द शतकानुशतकं जपला त्यांना त्यात काठ दिसत होता. शब्दाचा अर्थ वापरणाऱ्यांना विचारायचा की फक्त प्रत्ययांना?

पारायण म्हणजे अर्थ न कळता केलेलं पठण, असंही ठासून सांगितलं जातं. सांगणाऱ्यांनी वैदिक शब्दांचे अर्थ उकलणारा यास्क वाचलेला नाही. वेद पाठ करून अर्थ न जाणणाऱ्याला तो भार वाहणारा खांब म्हणतो. अर्थ न कळणं हा पारायण करणाऱ्याचा दोष असेल, पारायणाची व्याख्या नव्हे.

आणि पतंजली! पाणिनीवरच्या त्याच्या महाभाष्याच्या पहिल्याच आह्निकात, म्हणजे प्रकरणात, बृहस्पती इंद्राला एकेक शब्द सांगत दिव्य हजार वर्षं ‘शब्दपारायण’ करतो, ‘नान्तं जगाम’. अंत लागलाच नाही. शब्दपारायण हे एका ग्रंथाचं नाव आहे असं महाभाष्यावर टीका लिहिणारे म्हणतात. म्हणोत. ज्या शब्दातच पैलतीर आहे त्याच्या पुढ्यात ‘अंत लागला नाही’ हे शब्द ठेवणारा माणूस गालातल्या गालात हसत नव्हता, हे मला कुणी पटवून द्यावं. हे महाभाष्य संपादणारे जर्मन पंडित कीलहॉर्न डेक्कन कॉलेजात शिकवत, हे पुणेकरांनी लक्षात ठेवायला हरकत नाही.

तर गॅडिस. त्याची पहिली कादंबरी ‘द रेकग्निशन्स’, १९५५, साडेनऊशेच्या वर पानं. परीक्षणकर्त्यांनी तिचा फडशा पाडला. १९६२ मध्ये जॅक ग्रीन हे टोपणनाव घेतलेल्या एका वाचकाने तिची ५५ परीक्षणं जमवून एकेकाची चिरफाड केली: कुणी पानांची संख्या चुकवली, कुणी किंमत, कुणी प्रकाशक, आणि दोघांनी पुस्तक पुरं न वाचल्याची फुशारकी मारलेली. पार न जाता पलीकडच्या गावाबद्दल मत देणारे हे लोक. यांच्या वाचनाला काहीही म्हणा, पारायण म्हणू नका.

‘कार्पेंटर्स गॉथिक’ (१९८५) त्या मानाने आटोपशीर. सगळं हडसन नदीकाठच्या एका भाड्याच्या घरात घडतं. बाहेरचं जग येतं ते टेलिफोन, टपाल आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या तोंडून. संवादांना अवतरणचिन्हं नाहीत, नुसती आडवी रेघ; कोण बोलतंय हे लेखक सांगत नाही. पहिल्या वाचनात माणसं ओळखण्यातच जीव जातो. कोण खोटं बोलत होतं ते दुसऱ्या वाचनात कळू लागतं. तेव्हा पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत दुसऱ्यांदा वाचत असाल तर ते दुसरं पारायण, बेधडक म्हणा. इंग्रजी असल्याने काही बिघडत नाही. आवडलेली पानं तेवढी चाळत असाल तर ते पारायण नाही.

राहिला दुसरा प्रश्न. ‘उपेक्षा’ म्हणजे जवळून पाहणं आणि पाहून तसंच राहू देणं; योगसूत्रात ती मैत्री-करुणेच्या पंक्तीला बसते, तेव्हा शब्द मुळात वाईट नाही. संस्कृतात ‘दुर्लक्ष्य’ म्हणजे दिसायलाच अवघड. त्या हिशेबाने ५५ जणांनी हातात घेऊन खाली ठेवलेली ‘द रेकग्निशन्स’ उपेक्षित. नॅशनल बुक अवॉर्ड मिळवणाऱ्या ‘जे आर’ आणि ‘अ फ्रॉलिक ऑफ हिज ओन’ या दोन जाडजूड कादंबऱ्यांच्या मध्ये ‘कार्पेंटर्स गॉथिक’ सापडली, ती दुर्लक्षित. लेखक १९९८ साली गेल्यावर २००२ मध्ये आलेली ‘अगापे अगेप’ही त्याच रांगेत. ती इतकी बारीक आहे की कपाटात कण्यावरून सापडत नाही. एका बैठकीत पारायण होईल. मरणपंथाला लागलेल्या माणसाचं सलग स्वगत आहे, मध्ये उठू नका.