आपले प्रश्न : पाच लाख, दोन पोर्तुगीज पासपोर्ट आणि एक पदक

प्रश्न : पणजीतील एका खाजगी अनुदानित महाविद्यालयात आम्ही रसायनशास्त्र शिकलो. स्नेहमेळाव्याच्या निमित्ताने वर्गमित्रांनी मिळून महाविद्यालयाला पाच लाख रुपये देण्याचे ठरले असून बहुतेकांचा कल सुवर्णपदक ठेवण्याकडे आहे. एक मित्र मस्कतला नोकरीस आहे. लिस्बनमधल्या दोघांकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे. पैसे कसे आणि कशासाठी द्यावेत?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : आधी लिस्बनकरांचा हिस्सा बाजूला ठेवा. त्यांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतले असल्यास, मूळच्या भारतीयांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरी, कायद्याच्या दृष्टीने ते परदेशी ठरतात आणि त्यांची देणगी, मग ती रुपयांत का असेना, विदेशी अंशदान मानली जाते. २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखाली संस्थेची नोंदणी असेल तरच ती घेता येते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती स्टेट बँकेच्या दिल्लीतील मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच जमा व्हावी लागते. मस्कतचा मित्र भारतीय पासपोर्टवर असेल, तर त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेल्या पैशांना ही अट लागू होत नाही. 'माझ्या खात्यावर टाक, मी भरतो' हा आपल्याकडचा सोपा मार्ग लिस्बनकरांच्या पैशांसाठी अजिबात पत्करू नये. गोव्यात असलेल्यांनीही एवढे पाहावे की देणगीची वजावट वैयक्तिक करदात्याला जुन्या करपद्धतीतच मिळते, संस्थेला त्यासाठी मान्यता असावी लागते, आणि दोन हजारांवरील रोख रकमेला ती मिळत नाही.

आता पदकाविषयी. एका महाविद्यालयाच्या पारितोषिक समितीवर मी काही वर्षे होतो. तेथे फार पूर्वी कोणी दहा हजार रुपये ठेवून सुवर्णपदक सुरू केले होते. पुढे व्याजातून सोन्याचा मुलामाही परवडेना, तेव्हा समारंभात मुलीच्या हातात मखमली डबी दिली गेली आणि ती उघडल्यावर आत घडी घातलेले प्रमाणपत्र निघाले. देणगीदार हयात नव्हते हे एका परीने बरेच झाले.

शिवाय पदक पहिल्या आलेल्याला मिळते, आणि गरज बहुधा त्याच्या मागच्या बाकांवर असते. पाच लाखांची कायम ठेव केली आणि सात टक्के व्याज धरले, तर वर्षाला पस्तीस हजार हाती येतात. काणकोणहून रोज मडगावला बस बदलून पणजीला येणाऱ्या मुलीचा प्रवास, प्रवेशपरीक्षेचे शुल्क, परराज्यातील मुलाखतीचे रेल्वेभाडे अशा किरकोळ वाटणाऱ्या खर्चांपायी पुढचे शिक्षण अडते, आणि ते पस्तीस हजारांत भागतात. म्हणून आधी विभागप्रमुखांना भेटून गेल्या दोन वर्षांत कोण कशामुळे अडले ते विचारा, आणि ठेवीच्या करारात 'विभागाच्या शिफारशीनुसार विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक अडचणींसाठी' एवढीच मोकळी अट घाला.

१९६२ साली पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले महाविद्यालय उभे राहिले ते उद्योजक घराण्यांच्या दातृत्वावर, हे खरे. पण त्याच्या कितीतरी आधी, पोर्तुगीज अमदानीतच, पणजीची मुष्टिफंड ही शिक्षणसंस्था घरोघरच्या मूठभर तांदळावर चालली. तुमचे पाच लाख त्या मुठीच्या जातकुळीचे आहेत. ते तसेच वापरले जावेत असे मला वाटते.

प्रश्न : वेर्णा येथील औषधकंपनीच्या गुणनियंत्रण प्रयोगशाळेतून मी बावीस वर्षांनंतर निवृत्त झाले. देण्यासारखा पैसा नाही आणि पीएचडीही नाही. माझ्या जुन्या महाविद्यालयात शिकवता येईल का?
— एक वाचक, कुडचडे

उत्तर : अवश्य येईल. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये उद्योग-व्यवसायातील अनुभवींना शिकवता यावे म्हणून 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ही सोय केली. तीत किमान पंधरा वर्षांचा अनुभव, तोही शक्यतो वरिष्ठ पदावरचा, पाहिला जातो. पीएचडीची अट नाही आणि मानद नेमणूकही होऊ शकते. ते जमले नाही तरी पाहुण्या व्याख्यात्या म्हणून जाण्यास कोणाची हरकत नसावी. मात्र 'करिअरच्या संधी' या विषयावर भाषण देऊ नका. ते मुलांनी पुष्कळ ऐकलेले असते. नोंदवहीत चुकलेला आकडा व्हाइटनरने न पुसता एका रेघेने खोडून शेजारी सही आणि तारीख का घालायची, एवढे प्रयोगशाळेत उभे राहून करून दाखवा. वेर्ण्यात पहिल्या दिवशी मुलांना तेच विचारतील. प्राचार्यांना मात्र मे महिन्यातच पत्र द्या. जूनमध्ये वेळापत्रक लागले की तास मिळणे कठीण होते.