नवव्या दिवसाचा ताप आणि जागरणातला डॉक्टर

चतुर्थीनंतर आलेल्या पत्रांत निम्म्याहून अधिक पत्रं तापाची आहेत, आणि एक पत्र ताप बघणाऱ्या डॉक्टरचंच आहे. ती सगळी या वेळी एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : माझ्या दिराला (वय ४५) चतुर्थी झाल्यावर ताप भरला. डेंगी निगेटिव्ह, मलेरिया निगेटिव्ह. विडाल ‘थोडी पॉझिटिव्ह’ म्हणून टायफॉइड समजून पाच दिवस सलाइनमधून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन दिलं, पण ताप हटेना. प्लेटलेट ७८ हजारांवर आल्या, धाप लागायला लागली, म्हणून मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. तिथे नवव्या दिवशी एका डॉक्टरला जांघेत काळी खपली दिसली आणि ‘स्क्रब टायफस’ असं निदान झालं. औषध बदललं आणि दोन दिवसांत ताप गेला. मग त्याआधी तीन ठिकाणी कुणालाच कसं कळलं नाही? — एक वाचक, सत्तरी तालुका (गोवा)

उत्तर : जांघेतली खपली बघायची तर पेशंटचे कपडे पूर्ण उतरवावे लागतात, आणि नेमकं तेच होत नाही. राउंडला खाटेभोवती आठ-दहा माणसं असतात, पेशंटच्या अंगावर चादर असते. छाती-पाठ ऐकली, पोट चाचपलं की मंडळी पुढच्या खाटेकडे सरकतात. पेशंटही संकोचतो. त्यात ही खपली दुखत नाही की खाजत नाही, त्यामुळे तो स्वतःहून काही सांगत नाही. बघितलीच तर उठाणू होतं, सुकलं, असं समजतो.

आता ती येते कशी ते पाहा. माइट नावाचा एक बारीक जीव झुडपांत, गवतात असतो. त्याची अळी, जिला डॉक्टर चिगर म्हणतात, मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढी. ती अंगावर चढते आणि कपडा जिथे आवळतो तिथे थांबते : पायजम्याच्या नाडीची जागा, जांघ, काख, स्त्रियांत छातीखालची घडी, गुडघ्यामागचा भाग. चावताना ती स्क्रब टायफसचा जंतू अंगात सोडते, पण चावलेलं कळत नाही. तिथे आधी पुटकुळी येते, मग तिचा व्रण होतो आणि त्यावर बिडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली धरते. घामाच्या, ओल्या जागी मात्र बऱ्याचदा खपली धरत नाही, नुसता पिवळट-पांढरा व्रण राहतो, आणि बघूनसुद्धा तो नजरेतून निसटतो. त्याच बाजूची गाठ सुजून दुखत असेल तर तो चांगला माग असतो. खपली सगळ्यांना येत नाही, म्हणून ती नसली तरी रोग नाही असं म्हणता येत नाही.

दुसरी गोष्ट तारखांची. चावल्यापासून ताप यायला साधारण ६ ते २१ दिवस जातात. तुमच्या दिरांनी माटोळीची (गणपतीवर टांगतात त्या चौकटीची) रानफळं आणायला रानात दोन-तीन फेऱ्या मारल्या असतील, तर ताप येईपर्यंत माटोळी उतरलेली असते, गणपती पोचवून झालेला असतो. ‘बाहेरगावी कुठे गेला होतात का?’ असं विचारलं तर उत्तर ‘नाही’ असंच येणार. घरामागचं रान कुणी बाहेरगाव धरत नाही. म्हणून प्रश्न असा विचारायला हवा : तापाआधीच्या तीन आठवड्यांत रानात, कुळागरात (सुपारीच्या बागेत), शेतात, गवत कापायला कधी गेला होतात? मोठ्या हॉस्पिटलात ‘पुन्हा पहिल्यापासून तेच प्रश्न’ विचारतात म्हणून नातेवाईक वैतागतात. पण अशा तापाचं निदान बऱ्याचदा त्या तिसऱ्या-चौथ्या वेळच्या प्रश्नातूनच निघतं.

तिसरी अडचण निगेटिव्ह रिपोर्टांची. प्रत्येक तपासणीचा आपला दिवस असतो. डेंगीची एनएस-१ पहिल्या पाच दिवसांत धरते, पुढे मंदावते, आणि तेव्हा आयजीएम (रक्तातल्या अँटिबॉडीची तपासणी) करावी लागते. स्क्रबची आणि लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुतातून पसरणारा ताप) आयजीएम पाचव्या-सातव्या दिवसाआधी केली तर रोग असूनही निगेटिव्ह येऊ शकते. मलेरियाचा एक नमुना निगेटिव्ह आला म्हणून सुटका होत नाही, १२ ते २४ तासांच्या अंतराने तीनदा बघावं लागतं. विडालची गोष्ट याच्या उलट. तिच्या रिपोर्टातला ‘ओ’ १:८० हा आकडा आपल्याकडे धडधाकट माणसातही सापडतो आणि एकदाच केलेल्या विडालवर टायफॉइड ठरवता येत नाही. टायफॉइडचा संशय असेल तर अँटिबायोटिकचा पहिला डोस जाण्याआधी ब्लड कल्चर (रक्तातला जंतू वाढवून बघायची तपासणी) घ्यायचं, मोठ्या माणसाचं प्रत्येक बाटलीत ८-१० मिली. दोन मिलीत जंतू सापडला नाही तर दोष जंतूचा नव्हे.

चौथी गोष्ट प्लेटलेटची. गोव्यात प्लेटलेट उतरल्या की सगळ्या घराला डेंगी दिसतो आणि कुणीतरी पपईची पानं आणायला धावतो. स्क्रब, लेप्टो, मलेरिया या सगळ्यांत प्लेटलेट उतरतात. त्या आकड्यावरून रोग ओळखता येत नाही.

सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन लागू पडलं नाही कारण स्क्रबचा जंतू पेशींच्या आत राहतो आणि त्या गटातल्या औषधांना दाद देत नाही. त्याला डॉक्सिसायक्लिन लागतं, मोठ्या माणसाला १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, साधारण सात दिवस. गरोदर बाईला अ‍ॅझिथ्रोमायसिन देतात. धाप लागण्यापर्यंत गेलेल्या पेशंटला दोन्ही औषधं शिरेतून एकत्र दिलेली बरी, हे भारतातच झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं. संशय पक्का असेल तर डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करतात आणि तेच योग्य आहे. ४८ तासांत ताप उतरला नाही तर मात्र निदान पुन्हा तपासायचं. हे वाचून कपाटातली उरलेली कॅप्सूल कुणी घेऊ नये. अर्धवट डोसाने कल्चर बिघडतं आणि पुढच्या डॉक्टरला माग सापडत नाही.

लेप्टो वेगळा ओळखायला दोन खुणा उपयोगी : पोटऱ्या दाबल्या की कळवळणं, आणि घाण न येता लाल झालेले डोळे. चिखलात अनवाणी काम केलेलं असतं. आणि तुम्ही सत्तरी तालुक्यातले आहात म्हणून सांगतो, डिसेंबर ते मे या काळातला ताप असेल आणि आसपास माकडं मेलेली असतील, तर माकडतापाचा (केएफडी, गोचिडीतून येणारा विषाणूचा ताप) विचार आधी. २०१५ मध्ये तो सत्तरीतल्या पाळी गावात आढळला. त्यावर अँटिबायोटिक चालत नाही आणि अंगदुखीला आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन घेणं धोक्याचं, कारण त्यात रक्तस्राव होऊ शकतो.

प्रश्न : मी मेडिसिनची निवासी डॉक्टर, दुसरं वर्ष. घरी फोंड्याला बाबांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं, आई एकटी नेते. परवा ड्युटीच्या सव्विसाव्या तासाला लॅबमधून फोन आला, एका पेशंटचं पोटॅशियम ६.८, म्हणजे हृदय बंद पडू शकेल इतकं जास्त. मी ‘हो’ म्हटलं आणि तेवढ्यात आईचा फोन आला. तासाभराने ते आठवलं. पेशंट वाचला, पण तेव्हापासून झोप नाही. वरिष्ठांना सांगितलं तर कमकुवत ठरेन का?

उत्तर : आधी थकव्याचं मोजमाप. १७ तास सलग जागं राहिलेल्या माणसाचा हात आणि लक्ष रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकं मंदावतं, हे १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मोजून दाखवलं. आपल्याकडे गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा ०.०३ आहे. तुम्ही सव्विसाव्या तासाला होतात. केंद्राच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत सलग ड्युटी सहसा १२ तासांपुढे नसावी असं लिहिलेलं आहे. वॉर्डात काय चालतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. तेव्हा विसरलात हा स्वभावदोष नाही. पण पुढच्या वेळी विसरलं तरी पेशंटला बाधू नये, अशी सोय मात्र करावी लागेल.

लॅबचा फोन आला की ‘हो’ म्हणायचं नाही. नाव, खाट, आकडा, वेळ लिहायचं आणि लिहिलेलं लॅबवाल्याला वाचून दाखवायचं. तळहातावर लिहू नका, हात धुतले की पुसलं जातं. खिशातल्या घडी केलेल्या कागदावर लिहा, आणि तो एकच कागद असू दे. लिहून झालं की कुणाचाही फोन येण्याआधी खाटेजवळच्या सिस्टरला तोंडी सांगा : ‘बारा नंबर, पोटॅशियम सहा पॉइंट आठ, ईसीजी लावा, मी येते.’ आता ते दोन डोक्यांत आहे.

आईशी एक खूण ठरवा. साधा फोन एकदा, तो तुम्ही नंतर बघाल. लागोपाठ तीनदा आला तर तातडीचं. हे ठरलं नसेल तर प्रत्येक फोनला पोटात गोळा येतो आणि हातातलं काम सुटतं.

ड्युटी सोपवताना निदान न झालेल्या पेशंटवर विशेष लक्ष द्या. सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. कागदावर ‘डेंगी’ लिहिलं की पुढचे तिघे डेंगीच बघतात, आणि वरच्या पत्रातल्या दिरांचं तसंच काहीसं विडालवरून झालं. त्यापेक्षा असं लिहा : ‘ताप, दिवस ९. कारण सापडलेलं नाही. डेंगी, मलेरिया निगेटिव्ह (दिवस ३ ला केलेली). सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन ५ दिवस, फरक नाही. जांघ-काख बघायची राहिली. श्वास २८ च्या वर गेला तर आयसीयूला कळवा.’ शेवटची दोन वाक्यं, काय राहिलंय आणि काय झालं तर काय करायचं, हीच बहुतेक वेळा गाळली जातात. घेणाऱ्याने ते आपल्या शब्दांत परत सांगायचं. त्याला दोन मिनिटं लागतात आणि तीच वाचवायचा मोह होतो.

पहाटे चारला नवं निदान काढायच्या भानगडीत पडू नका. त्या वेळी प्रश्न एकच : आत्ता याच्या जिवाला काय धोका आहे आणि तो मी टाळलाय का? बाकीचं सकाळच्या ताज्या डोक्यासाठी ठेवा. सकाळी, झोप झाल्यावर किंवा निदान वीस मिनिटांची डुलकी झाल्यावर, दोन प्रश्न लिहून काढा : आमच्या निदानात न बसणारी गोष्ट कोणती, आणि हे दुसरं काय असू शकेल? डुलकीतून उठल्या उठल्या डोस ठरवू नका, दहा-पंधरा मिनिटं डोकं जड असतं. ड्युटी संपल्यावर फोंड्याला स्वतः गाडी हाकत जाऊ नका.

वरिष्ठांना सांगा, पण ‘मला जमत नाहीये’ असं नको. त्यातून त्यांना काय करायचं ते कळत नाही. ‘मंगळवार, गुरुवार, शनिवार बाबांचं डायलिसिस असतं. त्यातल्या एका दिवसाची सकाळ मला मोकळी हवी, बदल्यात मी रविवारची दुपार घेते’ असं सांगा. नेमकं मागितलेलं देता येतं. पोटॅशियमची गोष्टही सांगा, लपवलेली चूक दुसऱ्या वॉर्डात पुन्हा होते. आणि झोप उडून दोन आठवडे झाले असतील, तर ती नुसती दगदग समजू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, फुकट आहे आणि डॉक्टरांनाही चालतो.

प्रश्न : टीव्हीवरच्या मालिकांत एक तऱ्हेवाईक डॉक्टर फळ्याकडे बघतो आणि दुर्मिळ रोग ओळखतो. असं खरोखर होतं का? — मडगावचा एक कॉलेजकुमार

उत्तर : क्वचित. प्रत्यक्षात अवघड निघालेला ताप बहुतेक वेळा दुर्मिळ रोगाचा नसतो, नेहमीच्याच रोगाचं ते वेगळं सोंग असतं : फुप्फुसाबाहेरचा टीबी, हृदयाच्या झडपेवरचा जंतूसंसर्ग, खोल लपलेला गळू. आणि ते ओळखणारा माणूस पुष्कळदा सर्वांत ज्येष्ठ नसतो, पेशंटशी जास्त वेळ बोललेला असतो.

प्रश्न : वडील ५८ वर्षांचे, मधुमेही, पावसात शेतात काम करतात. यकृतात गळू झाला. पुवाचा पहिला रिपोर्ट ‘स्युडोमोनास, बहुधा बाहेरून मिसळलेला’ असा आला, पुढे दुसऱ्या लॅबने ‘मेलिऑइडोसिस’ म्हटलं. इंजेक्शनं संपली, ताप गेला, तरी आता तीन महिने गोळ्या सांगितल्यात. इतक्या कशाला? — पेडणे

उत्तर : मेलिऑइडोसिस करणाऱ्या जंतूचं नाव बर्खोल्डेरिया. तो चिखलात आणि साचलेल्या पाण्यात असतो, आणि मधुमेह्याला त्याचा धोका फार. लॅबमध्ये तो स्युडोमोनाससारखा दिसतो आणि ‘मिसळण’ म्हणून बाजूला पडतो. जेंटामायसिन आणि कोलिस्टिन या दोन्ही अँटिबायोटिकांना दाद न देणारा, पण को-अ‍ॅमॉक्सिक्लॅव्हला देणारा असा जंतू रिपोर्टात दिसला की जाणत्या मायक्रोबायॉलॉजिस्टच्या भुवया उंचावतात. म्हणून डॉक्टरने नमुन्याच्या चिठ्ठीवर ‘पू’ एवढंच न लिहिता ‘मधुमेही, शेतकाम, पाऊस, यकृतात गळू’ असं लिहिलं तर लॅब वेगळ्या नजरेने बघते.

इंजेक्शनं (सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम, कमीत कमी १०-१४ दिवस, खोल गळूला जास्त) ताप उतरवतात, पण जंतू पेशींत दडून राहतो. को-ट्रायमोक्साझोलच्या गोळ्या त्यासाठी. मध्येच सोडल्या तर रोग उलटतो, कधी काही महिन्यांनीसुद्धा. या गोळ्यांनी पुरळ येऊ शकतं, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन वाढू शकतं, म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासा. अंगावर फोड किंवा तोंडात व्रण आले तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. शेतात उतरताना गमबूट, जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी, आणि साखर आटोक्यात.

प्रश्न : दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचंय, पण हॉस्पिटल कागद देत नाही. — म्हापसा

उत्तर : लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे कागद मागितल्यापासून ७२ तासांत द्यावे लागतात. नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. तापाचा तक्ता, प्रत्येक रिपोर्ट कितव्या दिवशी काढला ती तारीख, दिलेल्या अँटिबायोटिकांची नावं आणि दिवस, सीटी स्कॅनची फिल्म किंवा सीडी हे मागा. बायोप्सी झाली असेल तर तिचा मेणाचा ठोकळाही मागून घ्या. दुसरा पॅथॉलॉजिस्ट त्यावरून नव्याने काचपट्टी काढू शकतो, आणि पेशंटला पुन्हा सुई टोचावी लागत नाही.