माउथ ऑर्गनला माइक लावताना

प्रश्न : मी गिटार वाजवतो आणि गळ्यातल्या स्टँडवर दहा होलचा माउथ ऑर्गन लावतो. मोबाइलचा कॉलर माइक त्याला टेपने चिकटवला आणि पिन बदलून मिक्सरला जोडला, पण आवाजच येत नाही. काय चुकतंय? (एक वाचक, सांगली)

उत्तर : टेपचा दोष नाही, माइकला वीजच मिळत नाहीये. कॉलर माइकच्या कॅप्सूलमध्ये, म्हणजे आवाज टिपणाऱ्या छोट्या डबीत, एक ट्रान्झिस्टर असतो आणि तो चालायला थोडं व्होल्टेज लागतं. फोन ते देतो. मिक्सरचं लाइन इनपुट देत नाही. म्हणून मिक्सरचा ४८ व्होल्टचा फॅन्टम (माइकच्या वायरमधूनच दिली जाणारी वीज) नुसत्या कन्व्हर्टर पिनमधून सोडायला जाऊ नका, कॅप्सूल जळू शकतं. फॅन्टम उतरवून देणारं सर्किट आत असलेला एक्सएलआर (माइकच्या तीन टोकांच्या पिनचा) अ‍ॅडॉप्टर घ्या, नाहीतर वायरलेस बॉडीपॅक, म्हणजे कमरेला लावायचा ट्रान्समीटर. बॉडीपॅकची पिन आणि वायरिंग कंपनीगणिक बदलतं, तेव्हा माइक त्याच्याशी जुळणाराच घ्या.

आता टेप. माइक थेट कव्हर प्लेटवर, म्हणजे वाद्याच्या वरच्या झाकणावर, चिकटवला की स्टँडचा प्रत्येक खडखडाट स्पीकरमधून ऐकू येतो. त्याऐवजी स्टँडच्या पट्टीवर ३-४ मिमी जाडीचा फोम गुंडाळा आणि क्लिप त्यावर बसवा. आवाज मुख्यतः प्लेटच्या मागच्या उघड्या बाजूने बाहेर पडतो, म्हणून माइकचं तोंड तिकडे, मधोमध, ३ ते ५ सेंमीवर. वाद्य जेमतेम १० सेंमी लांब असतं. माइक एका टोकाला अगदी चिकटून असला तर त्या बाजूचे होल ओरडतात आणि दुसरी बाजू दबते. फोमची टोपी काढू नका, फुंकर आणि ओलावा तीच अडवते. वायरचा एक सैल वळसा स्टँडला बांधा, म्हणजे मान वळवली तरी ताण माइकवर येणार नाही.

मिक्सरवर १०० हर्ट्झचा लो कट, म्हणजे त्याखालचे आवाज कापणारं बटण, बिनधास्त दाबा. सी स्केलच्या दहा होलचा सर्वांत खालचा सूर २६२ हर्ट्झचा, जीचा १९६. काही हरवत नाही. आवाज टोचत असेल तर ३ किलोहर्ट्झच्या आसपास थोडं उतरवा. बहुतेक कॉलर माइक सगळीकडून ऐकतात, त्यामुळे गिटारही त्यात थोडी येणारच. मॉनिटर (वाजवणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर) मात्र हळूच ठेवा, नाहीतर शिट्टी ठरलेली.

प्रश्न : गाण्याचा माइक ओंजळीत धरून माउथ ऑर्गन वाजवला की माइक शिट्टी मारतो. का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : अशा माइकच्या जाळीखाली, मागच्या बाजूला फटी असतात. मागून येणारा आवाज त्यांच्यामुळेच कटतो. तळव्याने त्या झाकल्या की माइक चारही बाजूंनी ऐकू लागतो, मॉनिटरसकट. स्वच्छ आवाज हवा असेल तर माइक दांड्यावर धरा आणि जाळी वाद्यापासून २-३ सेंमी लांब ठेवा. शिकागो ब्लूज या अमेरिकी संगीतशैलीचा जाड, फाटका आवाजच हवा असेल तर ओंजळ हवीच; पण मग बुलेट माइक (ओंजळीत मावणारा गोलसर माइक) गिटार अ‍ॅम्पला जोडा. हा माइक हाय इम्पीडन्सचा (जास्त विद्युत अवरोधाचा) असतो, मिक्सरच्या माइक इनपुटशी जुळत नाही आणि पातळ वाजतो. मिक्सरलाच जोडायचा असेल तर मध्ये हा अवरोध जुळवून देणारा मॅचिंग ट्रान्सफॉर्मर लागेल.