तीन पत्तीवाल्या काकू आणि वेगासचं पोकर टेबल

प्रश्न : आमच्याकडे दर दिवाळीला तीन पत्ती रंगते आणि खोटं कशाला सांगू, बऱ्यापैकी जिंकते मी. सध्या मुलाकडे फिनिक्सला आलेय, पुढच्या महिन्यात लास वेगासला जायचंय. तिथे कसिनोत 1-3 डॉलरचं पोकर टेबल असतं म्हणे. 200 डॉलर घेऊन बसले तर चालेल का? मुलगा म्हणतो, आई, दहा मिनिटांत दिवाळं निघेल तुझं.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : बसा की काकू! 200 डॉलरमध्ये बऱ्याच ठिकाणी आरामात बसता येतं. 1-3 म्हणजे बूट, डावाच्या सुरुवातीचे पैसे हो, सगळ्यांनी टाकायचा नसतो, पाळीपाळीने दोघांनीच टाकायचा, एकाने 1 आणि पुढच्याने 3, त्यालाच तिकडे ब्लाइंड म्हणतात, आपल्यासारखं पत्ते न बघता खेळणं नव्हे.

आता तुमची खरी गोची कुठे होणार सांगते. आपल्याकडे सिक्वेन्स (ओळीने आलेली पानं) कलरला (एकाच चिन्हाच्या पानांना) मारतो ना? तिकडे उलटं. तीन पानांत साधे सिक्वेन्स 720 होतात आणि कलर 1096, म्हणून सिक्वेन्स दुर्मीळ आणि भारी. पोकरचा हात पाच पानांचा, त्यात सिक्वेन्स 10200 आणि कलर फक्त 5108, त्यामुळे कलर वर. हे डोक्यात पक्कं बसवूनच जा, कारण हातात सिक्वेन्स आला की दिवाळीतला हात आपोआप पुढे जातो. आणि एक्का-दुर्री-तिर्री आपल्याकडे मानाची, तिकडे एक्क्यापासून पंजापर्यंतचा सिक्वेन्स सगळ्यात खालचा.

मी पहिल्यांदा बसले तेव्हा रेज करायचं, म्हणजे बोली वाढवायची, म्हणून 25 ची हिरवी चिप गुपचूप पुढे सरकवली, डीलर शांतपणे म्हणाला "कॉल", म्हणजे आधीच्या 3 इतकेच लावले, आणि 22 परत. एकच मोठी चिप न बोलता टाकली तर तो कॉलच धरतात, आधी तोंडाने "रेज" म्हणायचं! शिवाय मैत्रीण शेजारी बसलेली, हात चालू असताना मी सवयीने म्हटलं "पॅक कर गं", म्हणजे पानं टाकून दे, लगेच डीलरने टोकलं, ओन्ली इंग्लिश प्लीज. बरोबरच आहे म्हणा, आपण मराठीत पानं सांगतोय की भाजी काय केली ते त्याला कसं कळणार? त्यामुळे मुलाला मागे उभं करून कुजबुजायचं नाही, एका हाताला एकच माणूस.

राहिला दिवाळ्याचा प्रश्न. घरी डाव संपला की पैसे शेवटी घरातच फिरतात, तिथे तसं नाही. पॉटमधून, म्हणजे डावात जमलेल्या पैशांतून, कसिनो आपला कट काढतं, त्याला रेक म्हणतात, नेवाडात तो 10 टक्क्यांच्या वर घेता येत नाही, लहान टेबलावर साधारण 5 डॉलरपर्यंत जातो, वर कुठेकुठे जॅकपॉटसाठी एखाद-दोन डॉलर, जिंकलात तर डीलरला एक डॉलर टिप. तासाला तीसेक हात होतात, बघा हिशोब करून. म्हणजे समोरच्यापेक्षा जरा बरं खेळून भागत नाही, म्हणून घरच्यासारखं प्रत्येक हाताला चाल देत बसू नका, दहातले सातआठ हात सरळ टाकून द्यायचे, कंटाळा येतो पण पैसे टिकतात. मुलाच्या दहा मिनिटांचे बहुतेक काही तास तरी होतील.

आणि हो, पासपोर्ट जवळ ठेवा, 21 च्या खालच्यांना बसू देत नाहीत. तुम्हाला विचारलं तर मला जरूर कळवा!