सोलापुरात गरोदर वहिनीची एचआयव्ही तपासणी कुठे होईल? खर्च किती? विड्यांची मजुरी बुडेल का?

पैसे लागत नाहीत. जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात किंवा सिव्हिलच्या आयसीटीसीत (एचआयव्ही सल्ला व तपासणी केंद्रात) मोफत होते. तिसरा महिना म्हणजे योग्य वेळ. हिमोग्लोबिन, सिफिलिसच्या तपासणीसोबतच करून घ्या, वेगळा खाडा पडणार नाही.

बोटाला टोचून थेंबभर रक्त किटवर टाकतात, साधारण अर्ध्या तासात कळतं. किटवरची कंट्रोलची (किट नीट चालल्याची) रेघ उमटली नाही तर ती चाचणी बाद. नव्या किटवर पुन्हा करायला सांगा.

पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे निदान झालं असं नाही. आयसीटीसीत वेगवेगळ्या तीन किटवर खात्री करतात. लागण पक्की झाली तर एआरटीच्या (एचआयव्ही आटोक्यात ठेवणाऱ्या) गोळ्या लगेच आणि आयुष्यभर, त्याही मोफत. उपचाराविना बाळाला लागण होण्याचा धोका १५ ते ४५ टक्के असतो, वेळेवर औषधं घेतली तर ५ टक्क्यांच्या खाली येतो. बाळालाही जन्मानंतर औषध देतात आणि सहाव्या आठवड्यात त्याची तपासणी होते.

निगेटिव्ह आली, पण नवऱ्याची तपासणी झालेली नाही? त्यालाही न्याच. ताजी लागण सुरुवातीचे काही आठवडे चाचणीत दिसत नाही, त्यामुळे शंका असेल तर शेवटच्या तिमाहीत पुन्हा तपासा. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार तपासणीला तिची संमती लागते, आणि रिपोर्ट सासूला परस्पर सांगता येत नाही. शंका असल्यास १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन करा.