शर्यतीतून बाहेर पडणारा तरुण थरोब्रेड घोडा पैदाशीला चांगला ठरेल का, हे कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: कागलजवळ शेती आहे, घरी तीन घोड्या आहेत आणि पुण्याच्या रेसकोर्सवरून बाहेर पडणारा चार वर्षांचा थरोब्रेड (शर्यतीच्या जातीचा) नर विकत मिळतोय. पाच शर्यती जिंकलाय, दिसायला देखणा आहे, "रक्त उत्तम" असं विकणारा सांगतोय. तो पैदाशीला ठेवावा का?

मी पशुवैद्य आहे. पुण्याजवळच्या एका स्टड फार्मवर, म्हणजे घोड्यांची पैदास करतात तिथं, बारा वर्षं काढली, आता कोल्हापुरात प्रॅक्टिस करतो. तुमच्या प्रश्नात एक गोष्ट कुठंच नाही, ती आधी विचारतो. त्याची आई कोण?

गाईला कांडी भरायची वेळ आली की आपल्याकडचा कुठलाही शेतकरी पहिलं विचारतो, "वळूच्या आईचं दूध किती?" वळूची शिंगं, वशिंड, रंग सगळं नंतर. तोच माणूस घोडा घ्यायला गेला की बापाचं नाव ऐकून भुलतो. नावाजलेल्या वळूला, म्हणजे पैदाशीच्या घोड्याला, वर्षाला शंभराच्या आसपास शिंगरं होतात, त्यामुळे "अमक्याचा मुलगा" म्हणवणारे गल्लोगल्ली सापडतात. घोडीला मात्र वर्षाला एकच शिंगरू, आणि ते अकरा महिने पोटात वाढवून. म्हणून रेसच्या धंद्यात सावत्र भावंडं फक्त आईकडून मोजतात. बाप एक पण आया वेगळ्या असतील तर त्यांना भावंडं म्हणतच नाहीत.

विकणाऱ्याकडून लिलावाच्या कॅटलॉगमधलं त्याचं पान मागून घ्या. त्यावर वर बापाची बाजू असते आणि खाली पहिली आई (त्याची आई), दुसरी आई (आईची आई), तिसरी आई (तिची आई) अशी उतरंड. मोठ्या शर्यती जिंकलेल्यांची नावं ठळक काळ्या अक्षरांत छापतात, त्याला ब्लॅक टाइप म्हणतात. मी नेहमी दुसऱ्या आईच्या खाली हात आडवा ठेवतो आणि वर काय उरलं ते बघतो. खूपदा पान काळ्या अक्षरांनी भरलेलं दिसतं, पण ते सगळे तिसऱ्या-चौथ्या आईचे नातेवाईक असतात आणि हाताच्या वर पांढरा कागद. त्याच्या आईला सहा शिंगरं झाली असतील आणि त्यांतली चार-पाच पळून जिंकली असतील, तर घोडा साधा दिसला तरी मी थांबून बघतो. सहांतला हा एकटाच पळाला असेल तर मला तो योगायोग वाटतो, आणि तसा योगायोग पुढच्या पिढीत उतरेल यावर मी पैसे लावत नाही.

आता त्या पाच विजयांबद्दल. कुठल्या शर्यती ते विचारा. आपल्याकडे घोड्यांना रेटिंग देऊन क्लास पाडतात. तळाच्या, पाचव्या क्लासमधले पाच विजय आणि दोन-तीन वर्षांच्या वयात बरोबरीच्या चांगल्या घोड्यांविरुद्धचा एक विजय, यांत मी दुसरा निवडेन. किती अंतरावर जिंकला, दोन शर्यतींमध्ये किती महिने गेले आणि आता का सोडतायत, हेही विचारा. "टेंडन गेलं" (स्नायू हाडाला जोडणारा पायातला दोर दुखावला) हे कारण असेल तर ते अपघातानं गेलं की पायाच्या ठेवणीमुळं, यात फार फरक आहे.

नुसत्या शर्यतींवरून किती फसायला होतं, याची जगभर उदाहरणं आहेत. अमेरिकेचा सेक्रेटेरियट हा घोडा १९७३ मध्ये बेलमाँट स्टेक्स ही मोठी शर्यत घोड्याच्या ३१ लांबींच्या फरकानं जिंकला. पण पैदाशीला लावल्यावर त्याच्या तोडीचा मुलगा त्याला झाला नाही. त्याच्या मुली मात्र सोन्याच्या निघाल्या. स्टॉर्म कॅट आणि ए. पी. इंडी हे पुढचे नामांकित वळू त्याच्या मुलींच्या पोटचे. सिगार ओळीनं १६ शर्यती जिंकला, पण स्टडवर गेल्यावर त्याच्यापासून एकही घोडी गाभण राहिली नाही. उलट डँझिग गुडघ्याच्या दुखण्यामुळं फक्त तीन शर्यती पळाला आणि वळू म्हणून त्याचं घराणंच उभं राहिलं. त्याचा बाप नॉर्दर्न डान्सर तर उंचीला १५ हँड २ इंच (एक हँड म्हणजे चार इंच), म्हणजे जेमतेम ६२ इंच. लहानपणी २५,००० डॉलरलाही त्याला गिऱ्हाईक मिळालं नव्हतं. त्याचाच दुसरा मुलगा रझीन भारतात उषा स्टड या फार्मवर आला आणि इथल्या आघाडीच्या वळूंमध्ये गणला गेला.

तरीही तुमच्या घोड्यासाठी कागदानंतर लगेच पायांकडं या. इथं मी स्वतः चूक केली आहे. फार्मवर असताना एका घोड्याची तपासणी माझ्याकडं होती. पुढच्या पायाचा गुडघा बाजूनं बघितला तर किंचित मागं झुकलेला, पोटरीच्या दिशेनं. अशा गुडघ्यावर दौडीत मागून ताण येतो आणि पुढच्या कडेची हाडं चेचली जातात. मला तो झुकाव दिसला होता. पण घोडा स्वतः त्याच गुडघ्यांवर वीसेक शर्यती पळाला होता, म्हणून मी "चालेल" असं लिहून दिलं. दुसऱ्या वर्षी जानेवारीत शिंगरं जन्मली. मार्चच्या एका सकाळी कुंपणापाशी उभा होतो. समोर गवतात नऊ शिंगरं आयांजवळ आडवी उभी होती आणि त्यांतल्या सहांचे गुडघे तसेच, मागं. पाय एकाच साच्यातून काढावेत तसे. त्यांतली तीन शिंगरं रेसकोर्सपर्यंत पोचलीच नाहीत. तेव्हापासून माझा नियम आहे: जो दोष घोड्याच्या आईत किंवा बापातही आहे, तो घोडा कितीही पळालेला असो, मी त्याला पैदाशीला पास करत नाही. त्याच्या एकट्याच्या अंगावरचा दोष मी एक वेळ चालवून घेईन. म्हणून शक्य असेल तर त्याची आई किंवा भावंडं प्रत्यक्ष जाऊन बघा.

घोडा कडक जमिनीवर, सपाट जागी उभा करून बाजूनं बघा, मग तुमच्याकडं चालत येऊ द्या, मग दुडका. गवतावर पायांतलं काही कळत नाही. तोंड उघडून वरचे दात खालच्यांच्या पुढं गेलेत का ते बघा. दौडीनंतर श्वास आत घेताना घरघर ऐकू आली तर नाकातून दुर्बीण घालून घसा तपासून घ्या. स्वरयंत्राच्या डाव्या बाजूचं लुळेपण घराण्यात उतरू शकतं. दोन्ही अंड खाली उतरलेली असलीच पाहिजेत. एकच उतरलं असेल तर विषय तिथंच संपवा.

आपल्याकडं घोडा बघायला चार जाणती माणसं आली की अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांवर चर्चा रंगते. कुणी अशुभ मानलेली गोम शोधतं, कुणी शुभ मानलेला देवमण, कुणी पंचकल्याणी (चार पाय आणि तोंड पांढरं) बघून हात जोडतं. माझे आजोबाही तसेच बघायचे आणि त्यांची नजर मला आठवते. भोवऱ्यावरून शिंगरू कसं निघेल हे मात्र मला कधी दिसलं नाही. पण भोवरे मोजाच, कारण थरोब्रेडच्या पासपोर्टवर भोवऱ्यांच्या जागा खुणा करून नोंदवलेल्या असतात. मायक्रोचिप आणि भोवरे पासपोर्टशी जुळले, तरच समोर उभा आहे तो कागदावरचा घोडा.

वीर्यतपासणीशिवाय पैसे देऊ नका. सौदा "तपासणीत पास झाला तर" असा लेखी करा. तासाभराच्या अंतरानं दोन नमुने घेतात. दुसऱ्या नमुन्यात सरळ पोहणारे आणि घडणीनं नीट असे निदान १०० कोटी शुक्राणू असावेत, आणि दोन्ही अंडांची मिळून रुंदी निदान ८ सेंटिमीटर. शुक्राणू तयार व्हायला साधारण ५७ दिवस लागतात. म्हणून दीड-दोन महिन्यांपूर्वी घोड्याला सडकून ताप आला असेल तर आजचा नमुना वाईट येईल आणि घोडा तरीही चांगला असेल. दोन महिन्यांनी पुन्हा तपासा. ट्रॅकवर स्टेरॉइड दिली असतील तर अंडं आकसतात, त्याला आणखी महिने जातात. आणखी एक. रेसकोर्सवर घोडीकडं बघितलं की नराला दटावून गप्प करतात, त्यामुळे असा घोडा पहिल्यांदा घोडी समोर आल्यावर बावरतो. चिडू नका, शांत आणि वयस्क घोडीपासून सुरुवात करा. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची तपासणीही करून घ्या. तुमच्या भागातल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत रक्ताचा नमुना पाठवता येतो.

आता तुमच्या तीन घोड्या. त्या थरोब्रेड आणि स्टड बुकात, म्हणजे जातीच्या अधिकृत वंशनोंदवहीत, नोंदलेल्या असतील, तर शिंगरं रेसला जाऊ शकतील. पण त्यासाठी नैसर्गिक संयोगच लागतो. थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतन चालत नाही आणि आईबाप डीएनएवरून पडताळतात. घोडा वळू म्हणून वापरायच्या आधी पुण्याच्या स्टड बुक ॲथॉरिटीकडं त्याची नोंद कशी करायची ते विचारून घ्या. त्या मारवाडी किंवा काठेवाडी असतील, तर माझं स्पष्ट मत आहे की हा घोडा घेऊ नका. शिंगरू रेसला जाणार नाही आणि अकलूजच्या किंवा सारंगखेड्याच्या बाजारात जातिवंत मारवाडी म्हणून उभंही राहणार नाही. चांगल्या देशी घोडीचं एक वर्ष वाया जातं, आणि अशा घोड्या आता मोजक्या उरल्यात.

घेतलाच तर पहिल्या वर्षी तिन्ही घोड्या त्यालाच दाखवू नका. एक दुसऱ्या, पारखलेल्या वळूकडं न्या, आणि पुढच्या वर्षी तिलाच तुमचा घोडा दाखवा. त्याच घोडीला दुसऱ्या वळूपासून झालेलं शिंगरू आणि तुमच्या घोड्यापासून झालेलं शिंगरू वर्षाच्या अंतरानं वाढताना दिसलं की निम्मं उत्तर तिथं मिळतं. मोठ्या स्टडवर आकडेवारीनं हेच करतात. घोड्या चांगल्या म्हणून शिंगरं पळाली, की वळूनं घोड्यांच्या कुवतीपेक्षा जास्त दिलं, एवढंच बघायचं असतं. सबुरी लागेल. २०२७ च्या फेब्रुवारीत दाखवलेली घोडी २०२८ मध्ये विईल आणि ते शिंगरू २०३० च्या अखेरीला दोन वर्षांचं म्हणून पहिल्यांदा पळेल. तोपर्यंत घोड्याचा खुराक, मोतद्दाराचा पगार, नालबंद, पावसाळ्यात खुरांची निगा हे सगळं चालू राहणार, त्याचा हिशेब आधी मांडा.

घोड्याच्या आईचं नाव आणि तुमच्या घोड्या कुठल्या जातीच्या, एवढं कळवा. तिची बाकीची शिंगरं कुठं आणि काय पळाली ते मी शोधून सांगतो.