बेअरिंग स्टीलच्या रिंगा ठिसूळ होतात; टेम्परिंगचं तापमान वाढवलं तर चिवटपणा येईल का?

नाही. लिहायला बसलो कारण याच मुद्द्यावरून एका साहेबांशी माझं आठ महिने बोलणं बंद होतं.

रिंगा ५२१०० या क्रोमियमच्या बेअरिंग स्टीलच्या. ८४५ अंशांना सोकिंग (त्या तापमानाला धरून ठेवणं), तेलात बुडवून कडक करणं, मग टेम्परिंग, म्हणजे पुन्हा बेताचं तापवणं, १७० ला दोन तास. हार्डनेस ६१ रॉकवेल. कागदावर खोट काढायला जागा नव्हती. तरी एक रिंग हातातून निसटली आणि फरशीवर काचेच्या बांगडीसारखी फुटली. साहेबांचा निकाल तिथल्या तिथे: "टेम्परिंग कमी पडलंय, ३०० ला घ्या." मी म्हटलं, २५० ते ३५० हा पट्टा या स्टीलला मानवत नाही. तेलात निववूनही न बदलता उरलेली मऊ रचना, म्हणजे ऑस्टेनाईट, मोडते, त्या जागी कार्बाइडचे (कार्बनच्या कडक, ठिसूळ संयुगाचे) पातळ थर बसतात; हार्डनेस जातो आणि चिवटपणाही येत नाही. ऐकतंय कोण! ३०० ला घेतल्या. हार्डनेस ५७ वर उतरला, रिंगा फुटायच्या तशाच फुटल्या.

शेवटी एक तुकडा खिशात घालून मीच लॅबमध्ये गेलो. पॉलिश केला, नायटल (रचना उघडी करणारं सौम्य आम्ल) लावलं. मायक्रोस्कोपखाली कणांच्या कडेकडेने पांढरी जाळी, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. फोर्जिंग, म्हणजे तापवून ठोकून घडवलेली रिंग, लालबुंद असतानाच ढिगात टाकलं होतं. ते सावकाश निवत गेलं आणि कार्बाइड कडांवर जमलं. पुढच्या ॲनीलिंगमध्ये (मऊ करण्यासाठी तापवून सावकाश निववण्यात) बाकीचं कार्बाइड गोल होतं, पण अशी जाड जाळी तुटत नाही. भेगेला आयती वाट मिळते. पुढच्या लॉटला आधी ९०० च्या वर नॉर्मलायझिंग केलं, म्हणजे जाळी विरघळेल इतकं तापवून रिंगा सुट्या मांडून हवेत निववल्या, मग ॲनीलिंग. हार्डनिंग तेच, टेम्परिंगही तेच १७०. एक मुद्दाम पाडून पाहिली. टण्ण वाजली, बस.

तेव्हा तुमची रिंग आधी कापून बघा. जाळी नसेल तर थर्मोकपल (भट्टीचं तापमान मोजणारा सेन्सर) तपासा. भट्टी ८५० दाखवून आत ९०० झाली असेल, तर कार्बाइड जास्त विरघळतं, कण वाढतात, तुटलेली कड राखाडी मखमलीसारखी न दिसता साखरेसारखी चमकते.

हे सगळं पातळ रिंगांचं सांगतोय. ५८-६० हार्डनेस चालत असेल तर तेलाऐवजी २३० च्या सॉल्ट बाथमध्ये (वितळलेल्या क्षारात) धरून बेनाइट ही चिवट रचना करून घ्या. बरेच तास खातं, पण चिवटपणा देतं. धक्केच खायचे असतील तर हे स्टील सोडा, कार्बुरायझिंगचं (फक्त वरच्या थरात कार्बन मुरवून कडक करायचं) घ्या.

साहेबांच्या रिपोर्टात कारण अजून "अपुरं टेम्परिंग" असंच आहे.